करू-का मावशी

आमच्या परळच्या चाळीत मावशीचं खरं नाव विचारलंत तर निम्मे लोक डोकं खाजवतील. पण 'करू-का मावशी' म्हणा, गल्लीच्या तोंडावरचा पानवालासुद्धा तुम्हाला तिच्या दारापर्यंत आणून सोडेल. समोरचा नुसता शिंकला, तरी ही रिटायर्ड नर्स आधी औषध सांगायची आणि मग मान कलती करून विचारायची, "माझ्या येशूला सांगते. प्रार्थना करू का?"

आणि काय सांगू, कुठेही! लालबागच्या मासळी बाजारात बांगड्यांचा भाव करताना कोळीण म्हणाली की गुडघे दुखतात, की झालंच! कोळीण कोयता हातात तसाच धरून डोळे मिटायची आणि मागची गिऱ्हाइकं पिशव्या सावरत गप्प उभी राहायची. मला हसू आवरायचं नाही आणि अभिमानही असा वाटायचा की बस! ही बाई आमच्या मजल्यावरची होती.

"नको" म्हटलं की मात्र विषय तिथेच संपला. "न विचारता प्रार्थना करायची म्हणजे कडी न वाजवता कुणाच्या घरात शिरायचं," असं ती म्हणायची. रागबिग काही नाही. उलट नाताळच्या करंज्यांचं ताट "नको" म्हणणाऱ्याच्या घरी सगळ्यात आधी जायचं.

म्हणजे आमच्याच घरी! आम्ही बौद्ध, देव मानत नाही, हे पप्पा तिला हसून पण ठणकावून सांगायचे. तीही हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. जिन्यात दोघं समोरासमोर आले की आम्ही पोरं हा सामना बघायला कठड्याशी जमायचो.

मग आईचं हृदयाचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. आत नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. आई म्हणजे मावशीची जिवाभावाची मैत्रीण. थिएटरबाहेर मावशीने पप्पांना विचारलं, "करू का?" पप्पांनी मान हलवली. नको. मला वाटलं, आज काही ही ऐकायची नाही. पण तिने पर्स पोटाशी घट्ट धरली आणि डोळे टक्क उघडे ठेवून पप्पांशेजारी बसून राहिली. मध्येच उठून चहा आणला, पप्पांना दटावून दोन बिस्किटं खायला लावली.

आई वाचली! घरी आली त्या दिवशी पप्पांनी मावशीला गाठलंच. खरं सांगा, मनातल्या मनात केलीत ना?

"नाही हो, तुम्ही नको म्हणालात ना," मावशी म्हणाली. "देवाशी भांडले फक्त. म्हटलं, मला गप्प बसवलंयस, आता माझ्या मैत्रिणीचं तूच बघ."

"मग प्रार्थना करायची राहिली काय?" म्हणत पप्पा असे खदखदून हसले की आईलाही हसू आलं. मावशीने जीभ चावली. तिच्या ते खरंच ध्यानात आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात चाळ रिकामी करायची वेळ आली. मावशी लेकीकडे नाशिकला निघाली. खाली टॅक्सी उभी, आणि ही दारोदार "करू का?" विचारत फिरतेय. आमच्या दाराशी मात्र आईचा हात नुसता धरून उभी राहिली.

"आमच्याकडे विचारायचं राहिलं," पप्पा म्हणाले.

"तुमचं उत्तर मला माहीत आहे की."

"विचारा तर खरं."

तिने विचारलं.

"करा," पप्पा म्हणाले. "तुमच्यासाठी करा. आम्ही थांबतो."

अख्खा मासळी बाजार गप्प करणारी ही बाई, आणि तिला शब्द सापडेना! डोळे मिटलेले, आईचा हात अजून हातात. पप्पा डोळे उघडे ठेवून, हात मागे बांधून उभे होते. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, तरी कुणी हललं नाही.

शेवटी पप्पांनीच हळू आवाजात "आमेन" म्हटलं आणि तिची बॅग उचलून ते जिना उतरू लागले.