वानवळ्याचं डिझेल

धावड्याहून कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. पप्पांचे थोरले भाऊ तिथे शेती करतात. आम्ही त्यांना मोठे पप्पा म्हणतो. पाहुण्याच्या गाडीत काहीतरी घातल्याशिवाय ते फाटक उघडू देत नाहीत. मिरच्या, मक्याची कणसं, भोपळा, तूर. या सगळ्याला वानवळा म्हणायचं. तो मोजायचा नाही, नाकारायचा नाही आणि किडका निघाला तरी घरी जाऊन गुपचूप निवडायचा. शेतावर फोन करून सांगायचं तर अजिबात नाही. त्या रविवारी त्यांनी आमच्या गाडीच्या टाकीत डिझेलही ओतायला लावलं.

"ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलंय, घरचंच हाये. पंपावर कामून थांबता?"

ओतलं त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, दादाने. कॅन गोठ्याच्या कडेला उघड्यावर पडलेला होता. झाकणाच्या जागी चिंधी कोंबलेली. आदला आठवडाभर तिथे पाऊस होता. मी हे सगळं पाहिलं आणि गप्प बसले, कारण त्या घरात माझ्याबद्दल त्या दिवसापुरतं पुरेसं बोलून झालं होतं.

जेवताना मोठे पप्पा पप्पांना म्हणाले होते, "ती गाडी याला देऊन टाक. बियाण्याचं दुकान टाकलंय त्यानं, फिरावं लागतं. पोरगी एकटी रोज बदनापूरला गाडी हाकत जाती, लोक मला विचारून राह्यले." दादा मान खाली घालून भाकरी मोडत होता. पप्पा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे हो.

गाडी जुनी आहे. मी शाळेत असताना पप्पांनी घेतलेली डिझेल गाडी, गेली तीन वर्षं मीच चालवते. बदनापूरला मी मातीचे नमुने तपासते. जालन्याहून तिथे रेल्वेने जाता येतं, जीपनेही जाता येतं. दोन्हींत शेजारी कुणीतरी बसतं आणि आडनाव, गाव, लग्न या क्रमाने विचारतं. गाडीत कुणी विचारत नाही. जाता-येता मिळणारं ते गप्प राहणं गेलं, तर उरलेला दिवस मी माणसांत कसा काढीन ते मला माहीत नव्हतं. हे कारण जेवणाच्या पंगतीत सांगता येत नाही.

परतताना दादाच चालवायला बसला. "जरा हात बसवून पाहतो," म्हणाला. मोठे पप्पा त्याच्या शेजारी, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी जालन्यात डॉक्टरांना डोळे दाखवायचे होते. पप्पा आणि मी मागे, आमच्या दोघांच्या मध्ये मिरच्यांचं पोतं.

भोकरदन मागे पडलं आणि गाडीने पहिला हिसका दिला. समोर एक पिवळा दिवा लागला. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचलं की तो लागतो. तीन वर्षांत मी तो किल्ली फिरवताना क्षणभर लागतो तेवढाच पाहिला होता.

"दादा, दिवा लागलाय," मी म्हणाले.

"असतंय ते. जुन्या गाड्यांचे दिवे लागतेतच."

चढावर गाडीचा दम गेला. दादाने गिअर खाली घेतला, पाय दाबला, पण जोर येईना. आणखी दोन हिसके, आणि चढ कसाबसा संपल्यावर ती रस्त्याच्या कडेला जाऊन बंदच पडली.

दादाने सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण धरेना. पुन्हा मारला. तेच. म्हणजे बॅटरीत जीव होता. काटा अर्ध्या टाकीवर होता, म्हणजे टाकीही रिकामी नव्हती. फक्त जे टाकीत होतं ते डिझेल नव्हतं, निदान सगळं नव्हतं.

"पोरीच्या हातात गाडी दिली की हे असं," मोठे पप्पा खाली उतरत म्हणाले. "सर्व्हिसिंग करती का न्हाई कधी?"

"करते," मी म्हणाले.

"हिला विंग्रजीत सांग म्हणावं," दादा म्हणाला. "गाडीबी तिच्यावाणी कॉन्व्हेंटची असंन, मराठीत सुरू होत न्हाई." तो स्वतःच हसला. पप्पाही थोडंसं हसले. ते मी लक्षात ठेवलं आहे.

एक मोटारसायकलवाला थांबला. न विचारता त्याने धक्का मारायचं ठरवलं. दादा आत बसला, मोठे पप्पा सोडून बाकी सगळ्यांनी धक्का मारला. गाडी घरंगळली, दादाने क्लच सोडला, ती दचकून थांबली. मोटारसायकलवाला मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाजूला व्हा, साडी-बिडी अडकंन." मी जीन्समध्ये होते.

"डिझेलचा पंप गेला हिचा," दादाने जाहीर केलं.

मला खरं तर तेव्हा राग आला. दादा वयाच्या बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवतो. डिझेलात पाणी गेलं की इंजिन कसं वागतं, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मोठ्या पप्पांना माहीत होतं. मी पप्पांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "फिल्टरमधलं पाणी काढायला पाहिजे," तर पप्पा इतक्या चटकन "गप बस" म्हणाले की त्यांनाही माहीत होतं हे मला कळलं. तिघेजण माझ्या गाडीभोवती उभे राहून गाडीत नसलेले बिघाड शोधत होते, कारण असलेला बिघाड थोरल्या भावाने दिला होता.

दादा पुन्हा सेल्फ मारायला बसला. या वेळी इंजिन जडपणे फिरलं. आणखी चारदा मारला असता तर बॅटरी बसली असती. मग गाडी ओढून न्यावी लागली असती, कुठल्या तरी गॅरेजमध्ये पडून राहिली असती, आणि तिथून ती माझ्याकडे परत आली नसती.

"दादा, आता मारू नको," मी म्हणाले.

"का? तू मारती का?"

मी बॉनेट उघडलं. पाण्याच्या बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. फिल्टरच्या तळाशी हाताने फिरणारा एक छोटा स्क्रू असतो. फिल्टर बदलताना मी शेजारी उभी राहून तो पाहिला होता. बाटली खाली धरून मी तो सैल केला. बाटली निम्मी भरली. मी ती टपावर ठेवली. काही क्षणांत तळाशी गढूळ पाणी बसलं आणि वर बोटभर डिझेल तरंगलं.

मोटारसायकलवाला बाटलीजवळ आला. "पाणीच हाये की हो. कुठं भरलं डिझेल?"

"पंपावरच," पप्पा म्हणाले. "आजकाल काय, सगळीकडे भेसळ."

"बराबर," मोठे पप्पा म्हणाले. "ही कुठल्या पंपावर भरती, काय भरती, बघतंय कोण? म्हणून म्हणलं, काढून घे हिच्याकडून."

मी पप्पांकडे पाहिलं. ते मिरच्यांच्या पोत्याकडे पाहत होते.

"हे मघाशी निघताना भरलेलं आहे," मी म्हणाले. "तुमच्या कॅनमधलं. त्याला झाकण नव्हतं."

माझा आवाज मोठा नव्हता. पण मोटारसायकलवाल्याला ऐकू गेला, आणि तेवढं पुरे होतं. मोठ्या पप्पांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे, माझ्याकडे नाहीच.

"माझ्या हातानं दिलेलं बाटलीत भरून दाखवती मला. रस्त्यावर. अन् तू ऐकून घेतो?"

"पोरगी आहे, कळत नाही तिला," पप्पा आपल्या भावाला म्हणाले.

"बिलकुल कळतंय तिला."

यावर माझं आणि त्यांचं एकमत होतं.

त्यांनी पुढच्या सीटवरची पिशवी उचलली. मोटारसायकलवाला भोकरदनकडेच चालला होता. त्याच्या मागे ते बसले, आणि त्यांच्या मागे दादा कसाबसा. जाताना दादाने किल्ली माझ्या हातात दिली नाही, टपावर टाकली. "ठेव तुझा डबा," म्हणाला. "आमाला न्हाई पाहिजे."

मी स्क्रू घट्ट केला, डिझेल पुढे ढकलणारा फिल्टरवरचा छोटा हातपंप कडक लागेपर्यंत दाबला आणि सेल्फ मारला. दोनदा नाही. तिसऱ्यांदा पांढरा धूर सोडून गाडी सुरू झाली. पप्पा मागेच बसून राहिले. पुढची सीट रिकामी होती, तरी ते आले नाहीत.

टाकीत अजून पाणी होतंच. राजूरच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला. या वेळी बंद पडायच्या आधी मी गाडी कडेला घेतली, उतरले आणि पुन्हा फिल्टर रिकामा केला. पप्पा खाली उतरले नाहीत. त्यांनी काच खाली केली.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? घरी बोलली असती."

"तुम्ही पंपाचं नाव घेतलंत म्हणून."

"मोठा भाऊ आहे माझा. मी काय म्हणायला पाहिजे होतं?"

"काहीच नाही. गप्प बसायचं होतं. मी गप्पच होते."

माझ्या हातांना डिझेलचा वास येत होता. पुसायला काही नव्हतं, म्हणून मी ते जीन्सला पुसले. पप्पांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, आता गाडी विकायचंच सांगतील.

"दिवाळीला तू धावड्याला येऊ नको," ते म्हणाले. "मी अन् तुझी आई जाऊ. बसने."

"आणि गाडी?"

"गाडीचं काय. तीही तिथे न्यायची नाही आता." त्यांनी काच वर घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "तूच ठेव. दुसरं कोण बसणार तिच्यात."

मी बरं म्हणाले. बॉनेट बंद केलं आणि गाडी सुरू केली. जालना येईपर्यंत मागून एकही शब्द आला नाही, आणि मीही काही विचारलं नाही.