खांद्यावरची लेन्स

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत माझी पत्नी तिच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, खुर्चीवरून पडली. मला फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं कपाटात लावत होतो. मी शाळेत पोहोचलो तोवर ती गेली होती.

तिची कॅमेऱ्याची बॅग दिवाणाखाली राहिली. पावसाळ्यात ती दर काही दिवसांनी कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढून पुसायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. त्या पावसाळ्यात बॅगेला कोणी हात लावला नाही. दिवाळीनंतर मी ती उघडली. सत्तर-तीनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स खिडकीकडे धरली तेव्हा काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं. बुरशी होती.

आमचे रविवार कसे जायचे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहाटे आम्ही स्कूटरवर नदीवरचा कारध्याचा पूल ओलांडून तलावांकडे निघायचो. मी चालवायचो, ती मागे. स्कूटरला पाखरं घाबरत नाहीत. स्कूटरवरून उतरणाऱ्या माणसाला घाबरतात. म्हणून आम्ही उतरायचोच नाही. तिनं पाठीवर एकदा थोपटलं की गाडी हळू, दोनदा थोपटलं की इंजिन बंद. मग मी दोन्ही पाय जमिनीला टेकवायचो आणि ती माझ्या उजव्या खांद्यावर लेन्स ठेवायची.

कॅमेऱ्याचा स्टँड आमच्याकडे कधीच नव्हता. माझा खांदा होता.

मान वळवायची नाही, श्वास सोडायचा नाही, असा नियम होता. कानाशी कॅमेऱ्याची खटखट व्हायची आणि मग ती "हं" म्हणायची. त्या "हं"नंतर मी श्वास सोडत असे. पाखरू तोवर बहुधा उडालेलं असायचं. इतक्या वर्षांत मी पाखरांपेक्षा स्कूटरचा स्पीडोमीटर जास्त पाहिला, असं ती चारचौघांत सांगायची आणि हसायची. घरी आल्यावर मला पडद्यावर फोटो दाखवायची. मला तेवढं पुरत असे.

शेवटच्या जानेवारीत, शिंगाड्याच्या तलावावर, तिनं अचानक दोनदा थोपटलं. खांद्यावर लेन्स आली, खटखट झाली. पलीकडच्या काठाला गवताचं एक बेट आहे, तिकडे तिचा रोख असावा. "हं" आलंच नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, पाणमांजर होतं. तुम्ही पाहिलं?"

"तूच तर मान वळवू देत नाहीस."

"पुढच्या वेळी तुम्ही पाहा. मी नाही काढणार फोटो."

फोटोत पाण्याच्या रेघेवर एक तपकिरी ठिपका आला होता. तीनशेच्या लेन्समध्ये ते बेट तेवढंच यायचं.

बुरशी दिसल्यावर मी ठरवलं की ते पाणमांजर आपण पाहायचं. मला दुसरं काही ठरवता येत नव्हतं.

लेन्स कशी निवडतात हे मला माहीत नव्हतं. मी वाचायला लागलो, कारण मला तेवढंच येतं. दुपारी वाचनालय रिकामं असलं की संगणकावर लोकांनी लिहिलेलं वाचत बसायचो. माझ्या ऐपतीतले तीन पर्याय निघाले. पुन्हा सत्तर-तीनशे घेतली असती तर ती हलकी होती, हातात धरून चालली असती. शंभर-चारशे मधली. आणि दीडशे-सहाशे लांबची, पण दोन किलोच्या आसपास वजनाची, आणि आत उजेड कमी घेणारी. नव्या शंभर-चारशेच्या किमतीत वापरलेली दीडशे-सहाशे मिळत होती.

ही दीडशे-सहाशे आमच्या घरात आधीही येऊन गेली होती, बोलण्यात. दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, घेऊन टाक. तिनं नागपूरला दुकानात एकदा ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. "तुमचा खांदा मोडेल," म्हणाली. मी म्हटलं, मोडू दे. तिनं ऐकलं नाही. तिनं लेन्स माझ्या खांद्याच्या मापानं निवडली होती. आता खांद्यावर काही ठेवायचं नव्हतं, त्यामुळे मी कितीही जड लेन्स घेऊ शकत होतो.

मी बसनं नागपूरला गेलो. दुकान तेच. दुकानदारानं आधी बुरशी लागलेल्या लेन्समधून टॉर्च मारली. "साफ होते सर, पण आतलं कोटिंग खाल्लं तिनं. पैसे नका घालू याच्यात." मग विचारलं, "तुम्ही वाघवाले का पाखरवाले?"

मी म्हटलं, मला कळलं नाही.

"वाघ मोठा असते, सर. जिप्सीच्या बाजूनं जाते. त्याले चारशे भरपूर झालं. पाखरू लहान असते आणि लांब बसते. पाखरवाल्याले सहाशेही कमीच पडते."

"पाणमांजर," मी म्हटलं.

"मंग पाखरवालेच झाले ना तुम्ही!"

मी त्याला सांगितलं की मी आता एकटा जाणार आहे आणि लेन्स टेकवायला गाडीवरून उतरावं लागेल, त्यामुळे सगळं लांब जाईल. हे बोलताना मला पहिल्यांदाच नीट कळलं की तलाव तेवढाच असला तरी एकट्या माणसासाठी पाखरं जास्त दूर बसतात. दुकानदारानं वापरलेली दीडशे-सहाशे काढली. तिच्यातूनही टॉर्च मारून दाखवली. आत धुळीचे दोन कण होते, बुरशी नव्हती. लेन्स उलटी धरून नळी आपोआप खाली घसरत नाही ना, ते दाखवलं. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं बटण चालू-बंद करून पाहायला लावलं.

"सहाशेले फोटो जरा मऊ येते, धूसर. साडेपाचशेवर ठेवत जा. आणि ऊन वर आल्याशिवाय काढू नका."

मी दुकानाच्या दारात उभा राहून ती डोळ्याला लावली. समोरच्या इमारतीच्या टाकीवर घार बसली होती. आधी नुसतं आभाळ हललं, मग टाकी, मग घार. एका क्षणी ती थांबली आणि मला तिचा डोळा दिसला. घारीचा डोळा तपकिरी असतो, हे मला माहीत नव्हतं. पत्नीला माहीत असणार. मी श्वास धरून ठेवला होता. हात दुखायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता श्वास कधी सोडायचा ते मलाच ठरवायचं आहे.

"स्टँड आहे ना घरी?" दुकानदारानं विचारलं.

"नाही."

"घेऊ नका आत्ताच. पिशवीत तांदूळ भरा आणि त्याच्यावर ठेवा. भंडाऱ्याचे ना तुम्ही? मंग तांदळाचा काय तुटवडा!"

घरी येऊन मी तिची कापडी पिशवी घेतली, ज्यातून ती तपासायच्या वह्या आणायची. तांदळाला टोके, म्हणजे किडे, लागतील म्हणून सालीसकट धान भरलं आणि तोंड शिवून टाकलं. शिवण वाकडी आली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी निघालो. पुलावर धुकं होतं. पाठीवर कोणी थोपटणार नव्हतं, तरी तलावाच्या वळणावर मी आपोआप गाडी हळू केली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, स्कूटर मेन स्टँडवर लावली, मागच्या सीटवर धानाची पिशवी ठेवली, तिच्यावर लेन्स. पिशवी दबली आणि लेन्स तिच्यात नीट बसली. मी सीटमागे गुडघ्यात वाकून उभा राहिलो. मी उतरल्याबरोबर जवळची पाखरं उडून पलीकडे गेली होती.

पाळीवर चूल मांडून एक बाई शिंगाडे उकडते. ती आम्हाला ओळखायची. तिनं लांबूनच ओरडून विचारलं, "हे काय आनलं जी, सर? तोप आनली का?"

"लेन्स आहे."

"पाखरं मारता का काजी आता?" ती हसत जवळ आली. "आन मॅडमले घरी ठेवलं?"

"मॅडम फेब्रुवारीत वारल्या."

ती पदर सावरत उभी राहिली. चुलीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग तुमी काहून आले, सर?"

सांत्वनाला आलेल्या कोणीच मला असं सरळ विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडमना तिकडे बेटाजवळ पाणमांजर दिसलं होतं. मी पाहिलं नव्हतं."

"ते? ते तं येते. जाळे फाडते आमचे. घरचे शिव्या देऊन देऊन थकले."

"कधी येतं?"

"त्याच्या मनात आलं का येते." तिनं मला कागदात गरम शिंगाडे दिले. "खाऊन घ्या. उभ्यानं कायले थंडीत मरून राहिले? ते पाहा, माझ्या डोंग्यावर बसा."

काठावर ओढून ठेवलेल्या डोंग्यावर, तिच्या लहानशा होडीवर, मी बसलो. शिंगाडे सोलताना बोटं काळी झाली, म्हणून कॅमेऱ्याला हात लाववेना. ऊन वर आल्यावर बोटं पुसून उठलो. लेन्समधून बेट इतकं जवळ दिसत होतं की गवताच्या पात्यांवरचं दव ओळखू यावं. त्या दिवशी मी एका जांभळ्या पाणकोंबडीचा फोटो काढला. तिचं डोकं चौकटीबाहेर गेलं आहे. पाय मात्र स्पष्ट आहेत, लाल आणि लांब.

नंतरच्या रविवारी डोकंही आलं. त्यानंतर धीवर खंड्या आला, थोडा मऊ. मी साडेपाचशेवर ठेवायचं विसरलो होतो. फोटो मी पडद्यावर मोठे करून पाहतो. दाखवायला कोणी नाही, म्हणून पाहायला वेळ लागत नाही. श्वास धरायची सवय मात्र गेलेली नाही. तो मी खटखट थांबल्यावर सोडतो, पण थोडं थांबून. कदाचित अजून "हं"ची वाट पाहतो.

पाणमांजर मला अजून दिसलेलं नाही. तिचा तपकिरी ठिपका तेवढा आहे. मी दर रविवारी तलावावर जातो. पुढे मी असतो, मागच्या सीटवर धानाची पिशवी असते.