जांभळा रणधीर

मंजुळा परब या बाईंचा मला हेवा वाटतो. सगळा ग्रुप त्यांना मावशी म्हणतो आणि मी परबबाई म्हणतो, यावरून काय ते समजा. ग्रुपच्या वार्षिक अंकासाठी त्यांच्यावर चार पानं लिहून दे, असं ग्रुप चालवणाऱ्या विकीने मला सांगितलं, कारण बरं मराठी ग्रुपात मलाच येतं. हेवा बाजूला ठेवून लिहायचा प्रयत्न दोनदा केला. जमलं नाही. तेव्हा तो धरूनच लिहितो.

आमचा ग्रुप म्हणजे यंत्रवीर मंडळ. यंत्रवीर ही रोबोटची खेळणी होती, हातपाय मुडपले की कोणाची मोटार व्हायची, कोणाचं विमान. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती नव्वदच्या सुमारास सहा-सात वर्षं निघाली आणि कारखान्याबरोबरच संपली. साचे परदेशातून जुने आणलेले. तिकडे ज्याचा रंग पिवळा आणि नाव एक, त्याचा इकडे रंग लाल आणि नाव भलतंच. एवढ्या भांडवलावर आम्ही चाळिशी-पन्नाशीची साठेक माणसं बारा वर्षं भांडत आलो आहोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटकोपरला विकीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, वडे खायचे आणि भांडायचं. हिरव्या विमानाचं खरं नाव कोणतं, यावरून ग्रुपातले दोन साडू अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

सगळ्यात मोठं भांडण जांभळ्या रणधीरचं. रणधीर हा लाल. खोक्यावर लाल, जाहिरातीत लाल. पण काही खोक्यांतून जांभळा निघाला. माझ्या अकराव्या वाढदिवसाला मला तोच निघाला आणि मी भोकाड पसरलं. वडील म्हणाले, "वेगळा आहे, म्हणजे भारी आहे." ते वाक्य मी मनावर घेतलं.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात लायब्ररीत कामाला आहे, नोंदी ठेवायची सवय हाडात मुरलेली. गावोगावचे एकेचाळीस जांभळे रणधीर मी शोधले, प्रत्येकाचं कार्ड केलं आणि सिद्धान्त मांडला की हा रणधीर नाहीच, हा त्याचा शत्रूला मिळालेला सावत्र भाऊ. कंपनीने तो मुद्दाम, गुपचूप रणधीरच्या खोक्यांत सोडला. विकीचं म्हणणं वेगळं होतं, पण माझ्या कार्डांपुढे तोही नमला. नवा माणूस आला की म्हणायचा, "जांभळ्याचं काही असेल तर राजेशला विचार." हे एक वाक्य ऐकायला मी मुलुंडहून घाटकोपरला जात होतो.

गेल्या जूनमध्ये श्वेता नावाच्या आमच्या नव्या सभासद मुलीने आपल्या आत्याला आणलं. साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई, पायात रबरी चपला, हातात मालवणी खटखट्या लाडवांचा डबा. टेबलावरचा जांभळा रणधीर तिने उचलला, कंबरेवर अंगठा दाबला, दोन हिसके दिले आणि मोटार करून ठेवली. आम्हाला अजून पाच मिनिटं लागतात.

"ह्याचा रंग मी कालवलाय," ती म्हणाली. "लालच्या ड्रममध्ये चुकून निळी पूड पडली. दुसरं काय नाय."

बारा वर्षं आणि एकेचाळीस कार्डं. दुसरं काय नाय.

त्या दिवसापासून माझं पोट दुखतंय ते दुखतंयच. पंख्याखालची खुर्ची मावशींची. पहिला वडा मावशींचा. त्या सांगायच्या आणि लोक तोंडं उघडी टाकून ऐकायचे. कणकवलीजवळच्या गावातून लग्न होऊन लालबागला आल्या, नवऱ्याची गिरणी बंद पडली म्हणून बिऱ्हाड मरोळला हलवलं आणि कारखान्यात लागल्या. प्लॅस्टिकचा पांढरा दाणा ड्रममध्ये ओतायचा, वर रंगाची पूड टाकायची, झाकण लावायचं आणि ड्रम जमिनीवर लोळवत राहायचं, दाण्यादाण्याला रंग लागेपर्यंत. मग तो दाणा मशीनवर जायचा. सात वर्षं त्यांनी ड्रम लोळवले. कारखाना बंद पडल्यावर वीस वर्षं पोळ्या लाटल्या. नवरा अंथरुणाला खिळला, त्याचंही सगळं केलं. मी हे सगळं ऐकत होतो आणि मला त्यांची दया येत नव्हती. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसलाय, एवढंच वाटत होतं. मी एकेक कार्ड गोळा केलं होतं, त्यांनी फक्त ड्रम लोळवला होता. आता विकी नव्या माणसाला म्हणू लागला, "जांभळ्याचं? मावशींना विचार."

मग मी शोध घेतला. नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या वाटेला जाऊ नये. त्या कारखान्यात मशीन चालवणारे भाऊराव मानखुर्दला राहतात, त्यांना गाठलं. चुकून म्हटल्यावर ते हसायलाच लागले. "अहो, रंग बदलायचा तर मशीन धुवायला अर्धा दिवस जायचा. म्हणून एकदा लाल लावला, तर आठवडाभर लालच. निळी पूड कपाटात, कुलपात. चुकून पडायला ती काय उडत येणार?"

"आणि किल्ली?"

"रंग कालवणाऱ्या बाईकडे. मंजुळाकडे."

म्हणजे बाई खोटं बोलत होती. मला इतका आनंद झाला की येताना उसाचा रस दोन ग्लास प्यालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थेट मरोळला त्यांच्या खोलीवर गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या भाऊरावांचं सगळं ऐकवलं. आवाज चढला असणार, कारण शेजारीण डोकावून गेली. परबबाईंनी ताट बाजूला केलं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात, पण आतलं काही बोलायचं झालं की मधूनच मालवणीवर येतात.

"बस रे. खोटा बोललंय मी. मुद्दाम केलंय ता."

मी बसलो.

"शुभा नि मी एकाच दिवशी कामाला लागलो. एकाच पाटावर बसून डबा खायचो. माझा हात तिच्यापेक्षा साफ. आणि मुकादम कोणाला केलं? शुभाला. का, तर ती गोड बोलते. मी दिवसभर जळायची. रात्री नवऱ्याला वाढताना पण जळायची. मग तिच्या पाळीचा लाल ड्रम होता, त्याच्यात दोन मुठी निळी पूड टाकली. म्हटलं, माल फुकट जाईल, जाब मुकादमाला, शुभाला शिव्या पडतील, मुकादमकी जाईल."

"मग?"

"मग काय. दिवाळी तोंडावर. मालक म्हणाले, टाकायला वेळ नाय, भरा रणधीरच्या खोक्यात नि धाडा. पंधरा दिवसांनी दुकानदार दारात. जांभळा द्या, पोरं जांभळा मागतायत. मालकांनी सगळ्या बायांना उभं केलं नि शुभाचा सत्कार केला, नारळ नि स्टीलचा डबा दिला. म्हणाले, शुभाबाईंच्या पाळीत नवीन रंग निघाला. ती तरी काय बोलणार, तिला वाटलं मशीननेच केला. आणि मी काय बोलू? मी टाकली पूड म्हणून सांगू?"

त्या परत तांदूळ निवडू लागल्या.

"तू पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हाच ओळखलं मी तुला," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "सांग जा सगळ्यांक. त्येच्यासाठीच इलंस मां?"

मी खरंच त्याच्यासाठी गेलो होतो. आणि खरं सांगायचं तर हे ऐकूनही माझा बेत बदलला नाही. घरी येऊन मी छान टिपण तयार केलं, भाऊरावांच्या बोलण्यासकट, तारखा घालून. रविवारी हॉल भरलेला होता. परबबाई पंख्याखाली. मी उभा राहिलो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चूक नव्हती, हेव्यापोटी केलेला खोडसाळपणा होता, आणि मावशी आपल्याशी खोटं बोलल्या. मावशी हा शब्द मी मुद्दाम वापरला, झोंबावा म्हणून.

विकीने विचारलं, "मावशी, खरं?"

त्या उठल्या. "खरं. शुभावर जळून केलं. आज ती बोरिवलीला सुनेकडे असते. दरवर्षी संक्रांतीला तिळगूळ देऊन येते मी तिला, पण हे सांगायची हिंमत नाय झाली. आता सांगीन."

एवढं बोलून त्या बसल्या. मला वाटलं, संपलं. श्वेता रडायला लागली, तेव्हाही वाटलं, लाजेने रडतेय. पण तिने जाऊन आत्याला मिठी मारली, आणि त्या दोघा साडूंपैकी धाकटा, जो एरवी कोणालाच चांगलं म्हणत नाही, तो उठून म्हणाला, "च्यायला, म्हणजे हा रंग कोणीतरी मनातून काढलाय. मशीनचा नाय, कंपनीचा नाय. याला रणधीर कशाला म्हणायचं? याचं नाव मंजुळा."

हात वर करा म्हणाले. सगळे हात वर. त्यांना एक हार घालायचं ठरलं, हार नव्हता म्हणून श्वेताची ओढणी घातली. बारा वर्षं या जांभळ्याला एक नाव मिळवून द्यायला मी धडपडलो, आणि दोन मुठी पूड टाकणारीचं नाव त्याला पाच मिनिटांत मिळालं. तेही मी वाचून दाखवलं म्हणून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी गप्प बसलो असतो, तर चुकून पडलेली पूड एवढंच राहिलं असतं.

"राजेश, नोंद तुझ्याकडे ना?" विकी म्हणाला. "कार्ड बदल."

पेन माझ्याच खिशात होतं. पहिलं कार्ड माझ्या स्वतःच्या जांभळ्याचं, अकराव्या वाढदिवसाचं. 'रणधीरचा सावत्र भाऊ' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, मंजुळा. लिहून होईपर्यंत हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी कार्ड ठेवलं आणि मीही वाजवू लागलो, हळूहळू, चेहऱ्यावर हसू आणून.

परबबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात ती ओढणी. माझ्या हातांकडे त्यांनी नीट बघितलं.

"जोरात वाजव रे," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "शुभाला डबा दिला ना, तेव्हा सगळ्यात जोरात मीच वाजवलेल्या."

"हो, मावशी," मी म्हटलं, आणि तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या.