मांजरा नावाचं विमान

दादा गेल्यापासून त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून कितीदा तरी बसले. दर वेळी लेखणी त्या विमानापाशी जाऊन अडते. म्हणून या वेळी विमानाचंच लिहिते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. लातुरात ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, डॉक्टरांच्या, आणि एप्रिल जवळ आला की जयंतीच्या कमानींच्या. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी शाळेत होते. लोक फटाके उडवत होते, तेव्हा दादा ओट्यावर बसून विचार करत होते की आता किती पाट्या पुसाव्या लागतील. प्रत्येक शाळेवर, दवाखान्यावर, चावडीवर, सोसायटीवर खाली ‘जि. उस्मानाबाद’ असं लिहिलेलं. ते खोडून ‘जि. लातूर’ करायचं. पुढची दोन-तीन वर्षं दादा सायकलला डबे अडकवून गावोगाव हिंडत होते. निलंगा, अहमदपूर, शिरूर अनंतपाळ. आमच्या घरात तेवढा काळ रोज दोन्ही वेळ चूल पेटली.

त्यांची लिहायची एक रीत होती. अक्षरं आधी सुटी सुटी लिहायची, खालून लोंबत असल्यासारखी. सगळं झाल्यावर डोक्यावरची रेघ एका दमात, डावीकडून उजवीकडे, ब्रश न उचलता ओढायची. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. रेघ संपली की ते श्वास सोडत आणि मग आम्हीही सोडत असू.

नव्या जिल्ह्याच्या पाठोपाठ नव्या जिल्ह्याच्या गोष्टी येऊ लागल्या. मोठं कलेक्टर ऑफिस येणार, विमानतळ होणार. नांदेडला तेव्हा एका छोट्या कंपनीचं विमान येत होतं. एकोणीस माणसांचं, दोन पंख्यांचं. त्या कंपनीनं लातुरात तिकिटांची एक खोली उघडली. तिकीट लातुरात काढायचं, जीपनं नांदेडला जायचं आणि तिथून उडायचं. खोलीवर पाटी हवी होती, म्हणून दादांना बोलावणं आलं.

नांदेडच्या कचेरीतले साहेब पाटी बघायला स्वतः आले होते. मूळचे हैदराबादकडचे, उंच, बारीक, दख्खनी बोलणारे. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

“क्या हाथ है, पेंटरसाब!” ते म्हणाले. “अपना जहाज भी तुमकोच लिखना पडेगा.”

दादांना वाटलं, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. साहेबांनी एक रंगीत पुस्तिका दिली. ती इंग्रजीत होती. मी तेव्हा अकरावीला गेले होते, त्यामुळे वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तिकेत नकाशा होता. मुंबई, औरंगाबाद, नांदेड ही गावं निळ्या रेघेनं जोडलेली होती आणि नांदेडहून लातूरला तुटक रेघ होती. तुटक म्हणजे पुढं होणार, असं खाली लिहिलेलं होतं. कंपनीकडे दोन विमानं होती, आणखी दोन यायची होती. प्रत्येक विमानाला नदीचं नाव. एक गोदावरी, एक कृष्णा. तिसरं येईल ते लातूरसाठी, आणि त्याचं नाव मांजरा.

“नाकावर असतं नाव,” मी सांगितलं. “चित्रात बघा. मराठीत लिहिलंय.”

दादांनी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. “हे गोदावरी कुणी लिहिलंय? दाटून लिहिलंय,” एवढंच म्हणाले. पण रात्री जेवताना माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “विमान गोल असतंय न्हाई का नाकाला?”

सपाट पत्र्यावर लिहिणं वेगळं आणि गोलावर वेगळं. गोलावर अक्षर कडेला सरकलं की लांबून बारीक दिसतं. म्हणून दादांनी घरातला लोखंडी पिंप आडवा केला आणि त्यावर निळ्या एनॅमलनं ‘मांजरा’ लिहून बघितलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. गल्लीच्या टोकाला जाऊन बघून आले आणि पुन्हा पुसलं.

पुढं पाऊस गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. मांजरेचं पात्र पुलावरून पांढरं दिसायचं. गल्लीत टँकर सुरू झाला आणि मायनं पिंप उभा केला.

“अवो, पिंप पाण्याला लागतोय.”

“रंग वाळू दे.”

“रंग वाळस्तोवर टँकर थांबतोय का? नदीत पाणी न्हाई, अन् हे विमानावर नदी लिवून राहिले!”

असा तो पिंप, पोटावर सुरेख निळ्या अक्षरांत ‘मांजरा’ लिहिलेला, टँकरच्या रांगेत उभा राहिला. पाण्याची नळी त्याच्यात सोडली की बायका ओरडायच्या, “मांजरा भरली गं, मांजरा भरली!” शेजारची म्हातारी मायला म्हणायची, “तुझ्या नवऱ्यानं नदी दारात आणली बाई, आता काय कमी हाय तुला?” माय हसायची, पण हसताना पदर तोंडावर ओढून घ्यायची. तिचं मन मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मामा आला. मामा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता. वर्कशॉपमध्ये पेंटरची जागा निघाली होती. गाड्यांवर गावांची नावं आणि नंबर लिहायचे. कायमची नोकरी. मामानं शब्द टाकला होता, दादांचं काम दाखवलं होतं, आणि वर्कशॉपच्या साहेबांना ते पसंत पडलं होतं. फक्त लगेच हजर व्हायचं होतं, आणि ते लातुरात नाही, परगावी.

“दिवाळीपर्यंत थांबता येतं का?” दादांनी विचारलं.

मामा हसला. “भाऊजी, सरकारी नोकरी हाय. पाव्हण्यासारखी थांबते का ती?”

“दिवाळीला विमान यायलंय.”

“मग?”

“मला लिहायचंय त्याच्यावर. शब्द दिलाय मी.”

मामानं मायकडे पाहिलं. मायनं हातातली परात खाली ठेवली. “एक नाव,” ती म्हणाली. “तीन अक्षरं. त्याच्यासाठी जन्माची भाकर सोडता? एस.टी.वर रोज लिवा की, किती लिवायचं ते लिवा.”

“एस.टी.वर साच्यानं लिहितात,” दादा म्हणाले. “पत्र्याचा साचा ठेवायचा अन् वरून ब्रश फिरवायचा. ते लिहिणं न्हाई.”

“अन् लेकरं?”

मामा चहा न घेता उठला. दारात मला म्हणाला, “तू शिकलेली हायेस माय, तू तरी सांग त्येंला.” मी सांगितलं नाही. मला वाटत होतं, दादांचं बरोबर आहे. अजूनही पुष्कळ दिवस तसं वाटतं, आणि पुष्कळ दिवस नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. माय रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. ती घरातून निघताना दादा तिची भाकरी स्वतः फडक्यात बांधून देत.

दिवाळी गेली. तिकिटांच्या खोलीतला कारकून सांगायचा, विमान परदेशातून निघालंय, कागद अडकलेत. मग सांगायचा, कंपनीत नवे मालक आलेत, आता सगळं जोरात होणार. दादा आठवड्यातून एकदा त्या खोलीवरून जायचे आणि पाटीवरची धूळ पुसून यायचे.

होळी झाल्यावर एके दिवशी कारकून स्वतः सायकलवर घरी आला. “पेंटर, नवीन विमान नांदेडला आलंय! उद्या दिवसभर हाय.”

दादांनी ब्रश जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले, निळा डबा पिशवीत घेतला आणि मला म्हणाले, “तू चल. इंग्रजी काही लागलं तर.” मायनं कपाटातून त्यांचा पांढरा शर्ट काढून दिला. शर्ट देताना ती म्हणाली, “झेंड्याला घालता त्योच घाला.” आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. दादा वाटभर गुडघ्यावर बोट फिरवत होते. ते काय लिहीत होते हे मला बघायची गरज नव्हती.

विमान लहानच होतं. पांढरं, उन्हात डोळ्यांवर येणारं. शेपटीवर पुस्तिकेतल्या चित्रातला उडता पक्षी नव्हता, नारिंगी रंगाचा एक पट्टा होता. नाकावर काहीच नव्हतं. दादांना आनंद झाला. जागा मोकळी ठेवलीय, असं त्यांना वाटलं असावं. पिशवी खाली ठेवून ते डब्याचं झाकण उघडायला लागले.

तेवढ्यात साहेब लगबगीनं आले. हात जोडलेले. “पेंटरसाब, माफी. किसीने बताया नहीं क्या?”

त्यांनी सांगितलं ते मी दादांना सांगितलं, खरं तर त्यांना ते कळलं होतंच. नव्या मालकांनी नद्यांची नावं काढून टाकली. सगळी विमानं एकसारखी दिसायला हवीत, कुठलंही कुठंही पाठवता यायला हवं. नाव असलं की लोक म्हणतात, हे आमचं. कंपनीचं नावसुद्धा आता रंगवत नाहीत, छापलेला चिकट कागद येतो, तो लावतात. आणि हे विमान लातूरचं नव्हतंच. लातूरला धावपट्टीच झाली नव्हती. ते दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे जाणार होतं.

दादांनी डब्याचं झाकण पुन्हा बसवलं. अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबलं.

“हात लावू का?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी त्यांना पंखाखालून नेलं. दादांनी कंपनीच्या नावाच्या कागदावर तळवा फिरवला, कड शोधली. कड लागत नव्हती. “हे उन्हात टिकतं का?”

“पांच-छे साल.”

“मग बरंय,” दादा म्हणाले.

साहेबांना त्यांना रिकाम्या हातानं पाठवणं जड जात असावं. कुंपणापाशी एक कोरा पत्रा होता. त्यावर ‘प्रवाशांनी या रेषेच्या आत थांबावे’ असं लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, दादा नाही म्हणतील. त्यांनी पत्रा पुसला, सुतळीला खडू लावून रेघा मारल्या आणि लिहायला बसले. विमानासाठी आणलेल्या निळ्या रंगात, अगदी सावकाश. शेवटी डोक्यावरची रेघ आली तेव्हा मी श्वास धरला. साहेबांनीही धरला होता. दादांनी रेघ ओढली, थोडं मागं सरकले, आणि पहिल्यांदाच श्वास सोडलेला मला ऐकू आला नाही.

परतीची गाडी लोह्याला आली. स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुझी माय बरोबर बोलत होती.” मी म्हणाले, “घरी गेल्यावर तिला सांगा.” ते म्हणाले, “तिला काय सांगायचं? तिला ठाऊक हाय.”

त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर मायनं विचारलं, “झालं का?” दादांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. मायनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत बायकांनी विचारलं आणि माय काहीतरी बोलली. मी तिथं नव्हते. गल्लीनं मात्र धरून घेतलं की पेंटर विमानावर लिहून आला.

त्या दुष्काळात दादांना काम मिळालं ते टँकरचं. प्रत्येक टँकरवर ‘पिण्याचे पाणी’ लिहायचं. कंपनी पुढं बंद पडली. तिकिटांच्या खोलीत बियाण्यांचं दुकान आलं आणि जुनी पाटी पुसून नवी लिहायचं काम दादांकडेच आलं. ते त्यांनी केलं. पुढं कितीतरी वर्षांनी लातूरला धावपट्टी झाली, लहान विमानं आली, थांबली. दादा एकदाही बघायला गेले नाहीत. तोवर फ्लेक्सचे फलक आले होते आणि ब्रश कडक होऊन डब्यात उभे होते. मी प्राध्यापक झाले तेव्हा त्यांना विमानातून नेईन म्हणाले होते. ते म्हणाले, “बसून काय करू?” मी फार आग्रह केला नाही.

ते गेल्यावर त्यांच्या जलदान विधीला गल्लीतली माणसं जमली. वंदना झाली, धम्माविषयी बोलणं झालं. मग एक म्हातारे गृहस्थ बोलायला उठले. दादांच्या बरोबरीचे, कमानी बांधण्यात असायचे. ते म्हणाले, “लातूर जिल्हा झाला तवा ह्या माणसानं जिल्ह्याचं नाव गावोगाव लिवलं. अन् विमानावर नाव लिवणारा आपल्यातला हा पहिला माणूस. आजकालच्या पोरांला ठाऊक न्हाई.”

मागं बसलेला एक तरुण हळूच म्हणाला, “खरंच का, आबा? विमानावर?”

माझे डोळे मायकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. आयुष्यभर त्या तीन अक्षरांवरून तिनं दादांना टोचलं होतं. खडी फोडून तिच्या तळव्यांना पडलेले घट्टे तेव्हाही होते. नांदेडहून आम्ही नाव न लिहिताच परत आलो, हे कुणी न सांगताही तिला ठाऊक होतं.

“हाव,” माय म्हणाली. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. “निळं व्हतं. नाकावर. खालून उभं राहून वाचता यायचं.”

“तुम्ही पाह्यलंत, आजी?”

“मी न पाहता सांगायले का?” ती म्हणाली.

त्या तरुणानं मग माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मी सोबत गेलेली. मी मान हलवली. या वेळी ती हो होती.