फाइलीतलं होय

मी वर्गात शिकवताना पडले तेव्हा हेडमास्तरांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. मिरगी आली की चप्पल हुंगवायची, आमच्या भातकुलीकडे जो तो हेच सांगतो. शुद्धीवर आले तर चौथीची पोरं दारात उभी, आणि त्यांच्या बाईच्या तोंडावर चामडं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिनाभर डोकं ठणकत होतं. उजव्या हाताला मधूनच झटके यायचे, खडू सुटायचा. मी ते लपवलं. नोकरी अजून कायम व्हायची होती.

अमरावतीत डोक्याचा स्कॅन केला. मेंदूत पांढरा ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, किड्याची गाठ आहे, औषधानं बरी होईल. मग त्यांनी फाइलवरचं माझं आडनाव वाचलं.

"डुक्कर खाता ना?"

"नाई सर. आईची शपथ, आमच्या घरात कोणीच नाई खाल्लं कधी."

माझ्यानंतर अकोल्याचे एक गुरुजी आत गेले, पूजा सांगणारे. त्यांच्याही डोक्यात तसाच ठिपका. दार उघडंच होतं. त्यांना डुकराचं विचारलंच नाही. डॉक्टर मऊ आवाजात सांगत होते, "किड्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून पोटात जातात. कोणालाही होतं गुरुजी."

कोणालाही? मग मला हे का नाही सांगितलं? मी फाइल उघडली. 'डुकराचं मांस खातात: होय.' शपथ घेऊन नाही म्हटलं होतं मी.

तशीच आत गेले. "सर, गुरुजींले काहून नाई विचारलं?"

"अहो, तुमच्यात खातात, म्हणून लिहिलं. एवढं काय त्यात?"

मी खुर्चीवरून हलले नाही. शेवटी त्यांनी होय खोडलं, नाही लिहिलं.

जिंकले म्हणून एसटीत बसले, आणि वाटेत मला माझ्याच शपथेची किळस आली. माझे आजोबा डुक्कर खायचे. त्यांनी कोणाचं काय बिघडवलं होतं? एका डॉक्टरच्या खुर्चीपुढे मी त्यांना घरातूनच काढून टाकलं.

सोमवारी चौथीला शिकवलं: भाजी कशी धुवायची, आणि मी पुन्हा पडले तर कुशीवर कसं वळवायचं. चप्पल कोणी काढली तर अडवायचं, हेडमास्तर असले तरी. ते दारातच उभे होते. ऐकू दिलं.

आता मला कोणी विचारू दे, डुक्कर खाता का. उत्तर तयार आहे.

माझे आजोबा खात. मंग?