हाताला लागणारं चौथं

गेल्या हंगामात सोयाबीन काढताना माझ्या थोरल्या जाऊबाईंचा उजवा पंजा थ्रेशरमध्ये गेला. त्यांच्या हातात पेंढ्या मीच देत होते. तेव्हापासून यंत्राची घरघर कानावर पडली की माझे हातपाय गार पडायचे. पंजा गेला त्यांचा आणि थरथरायचे मी. त्या डाव्या हाताने भाकरी थापायला शिकल्या, पण मी वर्षभर त्यांच्यासमोर नीट बसले नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

शेवटी वाशीमला दवाखान्यात गेले. तिथल्या समुपदेशक बाईंनी मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. जीव घाबरला की पावसाचा आवाज लावा आणि सावकाश श्वास घ्या, म्हणाल्या. कापलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे रचलेली गंजी, अंगणापलीकडे उघडी पडलेली, आणि मी शहाणी ओसरीवर बसून मोठ्याने पाऊस लावला. आतून सासूबाई ताडपत्री ओढत धावल्या, मागून दीर. वर आभाळ निरभ्र. सासूबाई वळल्या.

"अवं, सुडी भायेर असताना पाणी कायले लावून राह्यली?"

मग त्याच अ‍ॅपमधला दुसरा उपाय धरला. त्यातली बाई हिंदीत सांगते, दिसणाऱ्या पाच वस्तू मोजा, हाताला लागणाऱ्या चार, मग ऐकू येणारे तीन आवाज. आठ दिवसांत ते घरात सगळ्यांना पाठ झालं.

सुडी थ्रेशरमधून काढायच्या दिवशी मजूर कमी पडले. मी गेले नसते तर माझ्या जागी जाऊबाई उभ्या राहिल्या असत्या, एका हाताने. ते मला पाहवलं नसतं, म्हणून गेले. यंत्र सुरू झालं आणि मी मागे सरले. बांधावर बसून फोन काढला. पाच वस्तू दिसल्या. हाताला माती लागली, पदर लागला, फोन लागला. पुढे काही सुचेना, रडूच फुटलं.

जाऊबाई शेजारी येऊन बसल्या. किती झाले, त्यांनी विचारलं. तीनच, मी म्हटलं. त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. मनगटाशी संपलेला तो हात मी वर्षभर धड पाहिला नव्हता. त्यांनी तो माझ्या मुठीत दिला.

"हा धर. झाले चार. तुह्यामुळं नाई गेला तो, घाई म्याच केली होती. आता आवाज मोज."

हात चांगला ऊबदार होता. मी डोळे पुसले आणि पहिला आवाज थ्रेशरचाच मोजला.