बिरड्याच्या रोजाला ताईकडे

मित्रांनो, आज आम्हा मराठी ज्यूंचा बिरड्याचा रोजा, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास. गेल्या शनिवारी आमच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या वाचनात मोशे संदेष्टा लोकांना म्हणाला, "मी एकटा तुमचा भार कसा वाहू?" त्यावर मी सिनेगॉगमध्ये माझ्या गुरुग्रामच्या ऑफिसचं उदाहरण देऊन छान बोललो. ताईही ऐकत होती.

आज संध्याकाळी उपास सोडायला तिच्याकडे मयूर विहारला गेलो. आई चार वर्षं तिथेच असते. आता कुणाला ओळखत नाही. ताई उपाशीपोटी बिरड्याचे वाल सोलत होती, मध्येच उठून आईला भरवत होती.

म्हटलं, "ताई, सगळं एकटीच करतेस?"

चार वर्षांत हे मी पहिल्यांदाच विचारलं.

ती म्हणाली, "शनिवारी मला वाटलं, तू माझ्याबद्दलच बोलतोयस."

तुमच्या घरी असं एकटं कोण आहे?